आठव्या खिडकीचं माप

मुलांनो, रेल्वेचा एक डबा डोळ्यांसमोर आणा बरं. धावणारा नको, उभा. उंच पत्र्याच्या छपराखाली, गंजक्या रुळांच्या शेवटच्या तुकड्यावर. वय नव्वद वर्षं. बाहेरचा रंग खरवडलेला, आतल्या बाकांच्या गाद्या काढलेल्या. आता जरा नाक पुढं करा. लाकडाचा भुसा, जुनं वंगण आणि रंगाऱ्याच्या डब्यातलं टर्पेंटाइन. आला वास? मग तुम्ही आत आलात. पायाखाली बघून चाला, खिळे पडलेत.

या डब्यात शाळा सुटली की एक दहा वर्षांची मुलगी यायची. चढायला जागा दिसली की ही वर, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. डबा पुन्हा पूर्वीसारखा करायचं काम तिच्या आत्याकडं होतं, आणि आत्या मोठी हट्टी बाई. नव्या दुकानातलं काही लावायचं नाही, डब्याच्या वयाचंच लावायचं. आता नव्वद वर्षांपूर्वीची कडी कुठल्या दुकानात मिळणार? ते कारखाने बंद पडले, ते कारागीर गेले. अशा डब्यांची मोडतोड झाली तेव्हा ज्याला जे आवडलं ते तो घेऊन गेला. सामान ठेवायची जाळी एका शिंप्याकडं कापडाचे तागे सांभाळत होती. दाराची मूठ एका दवाखान्याच्या दाराला होती.

आत्या आणि खारूताई सुट्टीच्या दिवशी अशा वस्तू शोधत हिंडत. आत्याची एक रीत होती. दारात गेल्या गेल्या वस्तू मागायची नाही. आधी ती तिथं काय काम करते ते बघायचं आणि पुढच्या वेळी त्या कामाला दुसरं काहीतरी घेऊन जायचं. शिंप्याला तिनं भक्कम फळी करून दिली, तेव्हा जाळी मिळाली.

सगळं मिळत गेलं. अडलं ते आठव्या खिडकीपाशी. बाकी सातांना पितळी चौकटी होत्या, आठवीची गायब. काच बसायला खोबण असलेली ती पितळी पट्टी आता कुणी करत नव्हतं. दोन वर्षं पत्रं लिहून आत्याची बोटं झिजली. शेवटी एका रोपवाटिकेत, एका माळीणआजींकडं ती सापडली. कोवळ्या रोपांवर ठेवायच्या काचेच्या झाकणाला त्यांनी ती लावली होती. आत्यानं नवं झाकण करून नेलं. माळीणआजींनी पट्टी फडक्यानं पुसली आणि म्हणाल्या, "पंचवीस वर्षं माझी रोपं जपलीत हिनं. सांभाळून कापा, बाई."

एका खिडकीपुरती पट्टी. वर फार तर दोन बोटं जास्त.

आता सुतारआजोबांना भेटा. पांढऱ्या भुवया, कानावर पेन्सिल, आणि बोलणं मोजकं. लाकडाचं काम त्यांचं आणि मापंही त्यांचीच. डब्याशेजारच्या त्यांच्या खोलीत टेबलामागच्या भिंतीवर दोन खिळे होते. डाव्या खिळ्यावर रोजची मोजपट्टी, उजव्यावर ओतकामाची. दोन्ही एकाच पिवळ्या लाकडाच्या, दिसायला जुळ्या बहिणी.

"त्या उजवीला हात लावायचा नाही," आजोबांनी खारूताईला बजावलं होतं. "तिचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा आहे."

"मग ती खोटी आहे?"

"खोटी नाही गं, शहाणी आहे. ओतारी पितळ वितळवून साच्यात ओततो ना? ते गार होताना आक्रसतं. म्हणून ज्या लाकडी नमुन्यावरून साचा करायचा, तो मी मुळातच थोडा मोठा करतो. ही पट्टी वापरली की गणित करावं लागत नाही."

आजोबांची जवळची नजर अधू झाली होती. मोठे आकडे आणि ठळक रेघा दिसत, पण पट्टीच्या पाठीवरची बारीक अक्षरं दिसत नसत. पट्टी ते खिळ्यावरून ओळखत. डावीकडं हात घातला की रोजची. चाळीस वर्षांत कधी चूक नाही.

पण खारूताईला काही ते पटेना. सेंटिमीटर म्हणजे सेंटिमीटर, तो मोठा कसा असेल? एका दुपारी आजोबा हात धुवायला गेले तेव्हा तिनं दोन्ही पट्ट्या उतरवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. सुरुवातीला सारख्याच. पण पुढं जावं तशी एक पट्टी दुसरीला मागं टाकत गेली, आणि शंभराच्या आकड्याशी दोघींमध्ये चांगलं बोटभर अंतर पडलं. तिला इतकी गंमत वाटली की पावलं वाजली तेव्हा ती दचकली. घाईनं पट्ट्या अडकवल्या आणि सूंबाल्या केला.

दुसऱ्या दिवशी तिनं सहज पाठीवरची अक्षरं वाचली. ओतकामाची पट्टी डाव्या खिळ्यावर होती. तिनं गुपचूप अदलाबदल केली. कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं.

पण मधल्या त्या एका संध्याकाळी आजोबांनी आठव्या खिडकीचं माप घेतलं होतं.

मापाची चिठ्ठी आणि पितळी पट्टी ओताऱ्याकडं गेली, आणि आठवड्यानं चौकट आली. कापलेली, कोपरे जोडलेले, झगझगीत. आत्यानं स्वतःच्या हातानं ती खिडकीत धरली आणि चौकट एका बाजूनं सरळ आत पडली. जवळजवळ एक सेंटिमीटर कमी.

मग रंगारी म्हणाला, "बरं झालं. आता पंखा नको, वारा आपोआप येईल." तो वाईट माणूस नव्हता, त्याची जीभ त्याच्या आधी कामावर यायची, इतकंच.

आत्यानं ओताऱ्याला दिलेली चिठ्ठी मागवून घेतली. आजोबांच्या अक्षरात लिहिलं होतं: रुंदी एकोणसाठ सेंटिमीटर, एक मिलिमीटर. ओताऱ्यानं तसंच कापलं होतं. आजोबांनी डाव्या खिळ्यावरची पट्टी आणली आणि खिडकी पुन्हा मोजली. साठ. पुन्हा मोजली. साठ.

"त्या दिवशी एकोणसाठ एक, आज साठ," ते म्हणाले. "खिडकी वाढली, की मी घटलो?"

"होतं काका कधीकधी," आत्या म्हणाली. पण ती ज्या आवाजात म्हणाली, त्यात 'होतं कधीकधी' असं काही नव्हतं. "जास्त असतं तर घासून बसवली असती. कमी झालेलं कुठून वाढवणार?"

बाकाच्या टोकावर चढून बसलेली खारूताई पुढं सरकली. दोन्ही खिळे तिच्या डोळ्यांसमोर आले. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या तिच्याकडं वळून म्हणाली, "तू खाली उतर आधी, आज माझं डोकं ठिकाणावर नाही." ती उतरली, आणि शब्द गिळले ते गिळलेच.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्याचं परवा झालं. तुम्हीही कधी असं काही लपवलं असेल, तर तुम्हाला ठाऊक आहे की पहिल्या दिवशी ते मुठीत मावतं. मग रोज एकेक दिवस त्याच्यावर चढतो आणि नुसतं चूक झाली म्हणून भागत नाही. इतके दिवस गप्प का होतीस, याचंही उत्तर द्यावं लागतं.

खारूताई विलक्षण चांगलं वागू लागली. आजोबांचा चहा आणून द्यायची, भुसा झाडायची, न सांगता गृहपाठ करायची. "पोर कशी शहाणी झालीय," आत्या म्हणाली, आणि खारूताई आणखी जोरात भुसा झाडू लागली.

तिकडं आजोबा एक फळी कापायला तीनदा मोजू लागले. तरी भागेना, मग रंगाऱ्याला हाक मारू लागले. "जरा बघ रे, किती आहे?"

"बेचाळीस, आजोबा. नव्वद वर्षांच्या डब्याला चष्मा नाही लागला, तुम्हाला लागला वाटतं."

आधी अशा बोलण्यावर आजोबा रंगाऱ्याला सव्याज परत करायचे. आता नुसते मान हलवत. आणि अकराव्या दिवशी त्यांनी कानावरची पेन्सिल काढून आत्यासमोर ठेवली.

"सोमवारपासून मापाला दुसरा माणूस बघ. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. घासकाम असेल तर सांग, येईन."

आत्यानं जरा आढेवेढे घेतले. पण तिनं नाही म्हटलं नाही. दोन वर्षांनी मिळालेली पट्टी तिच्या मनातून जात नव्हती.

संध्याकाळी आजोबा आपली हत्यारं फडक्यात गुंडाळत होते. खारूताई दारात येऊन उभी राहिली.

"आजोबा, तुमचं माप बरोबर होतं."

"असू दे बाळ. समजूत नको घालू."

"समजूत नाही. पट्ट्या मी बदलल्या होत्या. मला बघायचं होतं मोठी आहे का. मग चुकून उलट्या अडकवल्या. दुसऱ्या दिवशी नीट केल्या, पण तुम्ही मधेच..."

आजोबांनी भिंतीकडं पाहिलं. डावा खिळा, उजवा खिळा. मग बोटांवर काहीतरी हिशेब केला. मोठ्या सेंटिमीटरच्या पट्टीनं साठाला नऊ मिलिमीटर कमी भरतात. बरोबर तेवढाच फरक.

ते खाली बसले. गुंडाळलेलं एकेक हत्यार काढून पुन्हा गुंडाळू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं खारूताईला वाटलं.

"अकरा दिवस," ते शेवटी म्हणाले. "अगं, मी रात्री घरी दाराची रुंदी मोजायचो. येतंय का नीट, म्हणून. म्हातारी मला हसायची."

खारूताई मान खाली घालून उभी राहिली. रडू आलं तर ते आपल्यालाच समजावतील, म्हणून तिनं रडू दाबून धरलं.

थोड्या वेळानं आजोबांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. आवाज जरा हलका झाला होता. "हात शाबूत आहेत म्हणजे माझे. बरं. मला कळलं, तेवढं पुरे. आत्याला नको सांगूस. त्या पितळी पट्टीसाठी तिनं काय काय केलंय, तू बघितलंयस. ती तुला पुन्हा डब्यात पाऊल टाकू द्यायची नाही. झालं गेलं माझ्या नावावर राहू दे. म्हाताऱ्याला काय, चूक शोभते."

आणि खरं सांगतो, एक क्षणभर खारूताईचा जीव भांड्यात पडला. आजोबांना कळलं होतं. ते रागावून निघून गेले नव्हते. आत्याबरोबर हिंडणं, डब्यातल्या बाकांवर चढणं, सगळं शाबूत राहणार होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तर अकरा दिवसांची सवय झाली होती.

पलीकडून आत्याचा आवाज येत होता. ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो, सोमवारीच या. आमचे जुने सुतार आहेत, पण आता त्यांना दिसत नाही हो फारसं."

आजोबांनी ते ऐकलं. ते हत्यारांची गाठ बांधत राहिले.

खारूताईनं भिंतीवरच्या दोन्ही पट्ट्या उतरवून काखेत मारल्या. आजोबा "अगं, थांब" म्हणेपर्यंत ती दाराबाहेर होती. डब्याच्या पायऱ्या ती एरवी दोन-दोन चढायची. आज एकेक चढली. आत्या अजून बोलत होती. खारूताईनं पट्ट्या तिच्यासमोरच्या बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या, टोकाला टोक नीट जुळवलं, आणि म्हणाली, "आत्या, त्यांना म्हणावं, सोमवारी येऊ नका."