दामाजीचा पाय

"ती लाल कॅप्सूल दे गो," नवरा ओट्यावर पाय पसरून म्हणाला. त्याने कॅप्सूल दाताने फोडली, आतली पावडर तळपायाच्या जखमेत भुरभुरली आणि वर फडकं बांधलं. खाडीत चिंबोऱ्या धरताना त्याला कालवाचं शिंपलं लागलं होतं. कोपरीच्या आमच्या कोळीवाड्यात निम्म्या जखमा अशाच बऱ्या होतात, किंवा होत नाहीत.

"पोटात घ्यायच्यात त्या. नि पुऱ्या संपवायच्यात," मी म्हटलं.

"दोन घेतल्या, ठणका गेला. आता जखमेलाच चारतो. पोटात कशाला फुकट?"

चिखलात उतरू नका म्हणून डॉक्टरने बजावलं होतं. पण अमावास्या आली. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात, त्या सोडून घरात बसेल तर दामाजी कसला. परत आला तेव्हा फडकं चिखलाने माखलेलं. त्यावर पुन्हा कॅप्सूल.

आमची दक्षता ठाण्याच्या कॉलेजात जंतूंचं शिकते. प्रॅक्टिकलसाठी तिने बापाकडूनच खाडीचा चिखल मागून नेला होता. संध्याकाळी ती त्याला मोबाइलवर त्या चिखलातले जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीचा फोटो दाखवायला लागली.

"हे बघ बाबा, मधे औषधाची टिकली. जंतू मेले तर भोवती मोकळा गोल दिसतो. हे बघ, पार टिकलीला खेटून वाढलेत."

"औषध डुप्लिकेट असल."

"नाही रे. हे जंतू एन्झाइम बनवतात, ते औषध तोडूनच टाकतं. मातीत बुरशी औषध सोडते, जंतू ते तोडतात. माणूस नव्हता तेव्हापासून चाललंय. आणि तू थोडंथोडं औषध टाकून नेमके चिवट तेवढे शिल्लक ठेवतोयस."

"जावाजावांचं भांडण म्हणायचं," मी म्हटलं.

दामाजी हसला. चार बुकं शिकली तर बापाला शिकवते, म्हणाला.

पाय काळा पडायला लागला तेव्हा कुठे दवाखान्यात यायला तयार झाला. जखमेतला पू तपासला. डॉक्टर पोरगेलासा होता, खाली बघून बोलला, "मावशी, जंतू औषधं तोडतायत. मोठी इंजेक्शनंही देऊन झाली. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल."

त्या चिखलाच्या प्रॅक्टिकलला दक्षताला पैकीच्या पैकी मिळाले होते. जळो मेलं ते शिक्षण, आणि जळो तो न ऐकणारा बाप, असं मला झालं.

ऑपरेशननंतर कापलेला पाय कापडात गुंडाळून आमच्या हवाली केला. माझा दीर सहदेव म्हणाला, "खाडीकाठी पुरून टाकू."

दामाजी गुंगीत होता, पण त्याला ऐकू गेलं. "मातीत नको. जाळा. मातीनं खाल्ला तेवढा बस झाला."

बायकांनी स्मशानात जायचं नसतं. पण पाय माझ्या नवऱ्याचा होता, मी गेले.

तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मयताचं नाव?"

"दामाजी."

"तुमचे कोण?"

"नवरा. जिता आहे."

त्याने वर पाहिलं. माझ्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, सहदेवच्या हातातलं गाठोडं पाहिलं, आणि आत ओरडून सांगितलं, लाकडं थोडीच काढ.