बोनेटवरची पारूबाई

शफीक मिस्त्री दौलताबादेत आमचा मिनी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. दहा बारी म्हणला आसंल, "चचा, अठरा एचपी है. दीड टन के उप्पर मत खींचो. चढाव पे तो उसका बी आधा." मी म्हणलं, "तू पाने फिरव, शेती मला शिकवू नको." माझं तोंडच तसलं.

औंदा मोसंबी सुकाया लागली, तवा भावकीतून दोन हजार लिटरचा टँकर मागून आणला. मोठ्या ट्रॅक्टरचा टँकर त्यो. त्याचा दांडा आमच्या खालच्या हुकात बसंना, म्हणून वरच्या खिळीला अडकवला. दोन टन पाणी भरून सपाटीला झकास ओढला. खिंडीचा चढ लागला, तशी ट्रॅक्टरची फुडची चाकं हलकी पडून उचलाया लागली. त्याच्यावर आमच्याकडं इलाज ठरलेला हाय, वजनाला बोनेटवर माणूस बसवायचा. बायको बरुबर हुती.

"पारू, बस फुडं."

"पडंल ना मी!"

"आजवर पडलीस का?"

बसली बिचारी. निम्म्या चढावर इंजिन घरघरलं आन बंद पडलं. टँकरनं मागं वढ घेतली. मी दोन्ही ब्रेक दाबून धरले, तरी मुरमावरून चाकं बोटबोट सरकतच हुती. मागं वळणावर खोल ओढा. गावात फोन करावा तर माणूस याया अर्धा तास, आन माझा पाय आत्ताच लटलट कापत हुता.

"अहो, उतरू का मी?"

"हलू नको! तू उतरलीस तर ट्रॅक्टर उलथून माझ्या अंगावर यील!"

खरं तर पाय सुटला आसता तर तीबी माझ्यासंगं ओढ्यात गेली आसती. तिला तिथं मीच बसवलं हुतं. मला भ्या वाटलं, लई भ्या वाटलं.

"मागचा कॉक खोलते. पाणी जाऊ द्या."

"आगं, मोसंबी मरतील की!"

तसल्या टायमाला मला मेल्याला हेच सुचलं. तिनं वळून माझ्याकडं बघितलं.

"आन तुमी मेल्यावर मोसंबी काय मी एकटी खाऊ?"

आसं म्हणून ती घसरून खाली उतरलीच. ट्रॅक्टरचं नाक वीतभर वर उठलं. मी डोळे मिटले. "पारू! पारू!" म्हणून वरडत राह्यलो. मागं दगड आदळल्याचा आवाज आला, मग दुसरा. टँकरच्या दोन्ही चाकांना तिनं दगड लावले हुते. मग पाण्याचा लोट भसाभसा उताराला लागला.

पाव घंटा पाणी वाहिलं. फुडची चाकं हळूहळू जमिनीला टेकली. पाय ब्रेकवरून निघंना, तिनं हातानं उचलून काढला. मला रडू फुटलं.

"ये, माझ्याजवळ बस," म्हणलं. पण मिनी ट्रॅक्टरला सीट एकच असती.

तिनं वला पदर पिळला.

"फुडच्या बारीला फुडं दगड बांधा. मी नाय बसायची."

आन चालाया लागली, रस्त्याच्या मधोमध. रिकामा टँकर घेऊन मी तिच्या मागं, पहिल्या गेरात. वर मळ्यापस्तोर एकदाबी हॉर्न वाजवायची माझी छाती झाली नाय.