कंपनीच्या पायऱ्या

औषधांच्या दुकानाच्या खांबाआड उभी राहून कुसुम आपल्या नवऱ्याला हसताना बघत होती. हसला की उत्तरेश्वरचे खांदे हलतात, हे ती विसरूनच गेली होती.

तो चौकातल्या दगडी पायऱ्यांवर बसला होता. भोवती गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली आयटीतली तीन-चार पोरं. त्याने हात पसरून काहीतरी मोठं दाखवलं, मग एक तळवा दुसऱ्यावर दाबला. प्रेस मशीन. पोरांनी एकदम मागे सरकल्यासारखं केलं आणि सगळे पुन्हा हसले.

शेजारच्या वेणूबाई सकाळी म्हणाल्या होत्या, "तुमचे मिस्टर काय गोष्टी सांगतात हो तिथे बसून. आमच्याकडे द्या की दोन दिवस भाड्याने." कुसुम हसली होती. मग दिवसभर ते वाक्य तिला टोचत राहिलं.

ही जागा पूर्वी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची होती. उत्तरेश्वर तिथे प्रेस शॉपमध्ये फिटर. लग्न होऊन ती खडकीला आली तेव्हापासून पहिली पाळी, दुसरी पाळी, ओव्हरटाइम. कंपनीकडून उरलेला माणूस घरी यायचा आणि झोपायचा. मनातल्या मनात ती कंपनीला सवत म्हणायची. पुढे नव्या गाड्या आल्या, सुटे भाग बाहेरून स्वस्त मिळू लागले, आणि सगळ्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे पैसे ठेवून कंपनीने फाटकाला कुलूप लावलं. कॉलनीतल्या बायका रडत होत्या. त्यांच्यात पदर डोळ्यांना लावून उभ्या असलेल्या कुसुमला आतून मात्र बरं वाटत होतं.

पण घरी आलेला माणूस बोललाच नाही. खिडकीत बसून रस्ता बघायचा. ती वाट पाहत राहिली. तोवर तिकडे शेड पाडल्या गेल्या. वर फ्लॅट, खाली दुकानं, बाजूला कॉम्प्युटरवाल्यांची ऑफिसं, आणि सगळ्यांच्या मध्ये हा चौक. त्याला कुंपण नव्हतं, कुणीही येऊन बसावं. एका संध्याकाळी उत्तरेश्वर "जाऊन येतो" म्हणून गेला, आणि मग रोजच जाऊ लागला.

आधी तिला बाईचा संशय आला. बाई असती तर भांडता तरी आलं असतं.

"काकू, जरा बोलू का तुमच्याशी?"

खांद्याला कॅमेरा लटकवलेली एक मुलगी शेजारी येऊन उभी होती. आपलं नाव अपेक्षा, हा चौक आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसने केला, लोक तो कसा वापरतात ते बघायला मी संध्याकाळची येते, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही इथे कधी बसताना दिसला नाहीत?"

"मला बसायला घर आहे," कुसुम म्हणाली.

मुलगी मनापासून हसली. तिला बोलायची हौस होती. बिल्डरला इथे भिंत आणि वॉचमन हवा होता, त्यावरून किती वाद झाले. दुपारनंतर इमारतीची सावली जिथे पडते नेमक्या तिथेच पायऱ्या कशा घेतल्या. नुसते बाक टाकून जागा जिवंत होत नाही, हे सगळं तिने सांगितलं. सावलीचं खरं होतं. कुसुमने खांबाला हात लावून पाहिला होता, दगड गार होता. त्याचाही तिला राग आला.

"आणि काकू, एक तरी माणूस लागतो, ज्याच्यामुळे बाकीचे थांबतात. ते काका बघा. आमचे स्टार आहेत ते."

"ते होय?"

"खूप गोड आहेत. आमच्या पायऱ्या आधी बुटक्या होत्या. ते म्हणाले, खाली बसलं की उजव्या गुडघ्यात कळ येते, उठवत नाही. म्हणून मग ते बसतात ती रांग उंच केली. आता सगळे सीनियर्स तिथेच बसतात."

"कुठल्या गुडघ्यात?"

"उजव्या." मुलीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "का हो? ओळखता तुम्ही त्यांना?"



"तोंडओळख आहे," कुसुम म्हणाली, आणि निघाली.

रात्री तिने स्वयंपाकघरात नेहमीसारखी जमिनीवर चटई टाकली. भिंतीला घडीची खुर्ची टेकवून ठेवलेली होती. तिच्याकडे कुसुमने एकदा पाहिलं आणि ताटं खालीच मांडली. त्याने सांगावं. एका शब्दाने जरी सांगितलं, तरी ती खुर्ची उघडणार होती.

उत्तरेश्वर आला. भिंतीला हात लावून, उजवा पाय लांब ठेवून खाली बसला. किती दिवस तो असा बसत होता, तिला आठवेना.

"आज काय विशेष तिकडे?"

"काही नाही."

"एवढा वेळ?"

"हवा असते."

तो जेवत राहिला. तिने भाकरी वाढली, आमटी वाढली, आणि प्रत्येक वेळी जरा थांबली. त्याने मीठ मागितलं.

जेवण झालं तशी कुसुम आधी उठली. त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

उत्तरेश्वरने वर पाहिलं. आपलं रिकामं ताट उचलून त्याने तिच्या हातात दिलं, आणि खिडकीचा गज धरून हळूहळू उठला.