ढोम्यांचा आवाज

सत्त्याऐंशी साली पेपरातली जाहिरात बघून बानं कानाची मशीन व्ही.पी.नं मागवली, तीही आम्हाला कुणाला न विचारता. पोस्टमन कोपर गावी आमच्या दारात उभा राहिला तेव्हा मला कळलं. मी तणतणले, पण बहिऱ्यापुढं तणतणून काय उपयोग! डबी खिशात, वायर कानात. चालू केली की घरभर शिट्टी.

त्याची घाई मला कळत होती, म्हणून तर जास्त राग आला. आमचा बा, परशुराम, खाडीत वल्हं उभं बुडवायचा, वरच्या टोकाला कान लावायचा आणि पाण्याखाली कुरकुरणारे ढोमे मासे कुठं आहेत ते सांगायचा. तो सांगेल तिथं जाळं पडायचं. तीन वर्षांपूर्वी त्याचे कान वाहायला लागले, मग बंदच पडले. यंदा माझा भाऊ भिवा तोंडावर बोलला, "बा, आता तू होडीत नको."

मशीन लावून बा एकदा हट्टानं गेला. वल्ह्याला कान टेकवला तर शर्टाची खसखस नि शिट्टी, बाकी काही नाही. परत आला नि भिंतीकडं तोंड करून बसला. जेवलासुद्धा नाही. मुडदा बशिवला त्या जाहिरातवाल्याचा!

मग मीच त्याला ओढत ठाण्याला नेलं, वर्तकनगरात. तिथं उत्तराबाई कान तपासायच्या. त्यांनी एक लोखंडी, घुमणारा चिमटा गुडघ्यावर आपटून बाच्या कानासमोर धरला. बा ढिम्म. मग चिमट्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली, तर बानं बाईंचा हातच धरला.

"घुमतंय! अगं सगुणा, डोक्यात घुमतंय!"

बाई बोलल्या, "यांचा आतला कान शाबूत आहे हो. बिघाड वाटेत आहे. आवाज हाडातून आत पोचतोय. यांना कानात घालायची नको, हाडावर बसणारी मशीन हवी. आधी तपासून घ्यायचं ना!"

मोजमाप घेऊन डोक्याच्या पट्ट्यावरची मशीन नीट बसवायला तीन खेपा झाल्या. दर खेपेला बाचा एकच प्रश्न, "बाई, मग वल्हं हाडाला लावलं तर?" शेवटी मी त्यांना ढोम्यांचं सगळं समजावलं. त्या हातातलं काम ठेवून ऐकत राहिल्या. मग बोलल्या, "हे मला कुणी शिकवलं नाही. लावून बघा, आणि मला कळवा."

दुसऱ्या दिवशी भरतीला मीही होडीत चढले. बाईमाणसानं होडीत चढायचं नसतं म्हणून भिवा गुरगुरला. मी म्हटलं, गप वल्हव. पाणी निवांत होतं तिथं बानं पट्टा काढला, वल्हं बुडवलं, टोक कानामागं दाबलं नि डोळे मिटले. हे फसलं असतं तर बा परत कधी किनारा सोडणार नव्हता. मला नि भिवाला, दोघांनाही ते ठाऊक होतं.

एकदम त्यानं डोळे उघडले. त्यानं माझं डोकं ओढून वल्ह्याला टेकवलं. देवा! काळ्या पाण्याखालून कुर्र, कुर्र, कुर्र. एक नाही, शेकडो. एवढी वर्षं त्यांच्यावर पोट भरलं, आणि त्यांचा आवाज मी आज ऐकत होते. मला रडू आवरेना.

बानं पट्टा परत डोक्यावर चढवला. भिवानं जाळं उचललं, थांबला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा न ओरडता, हळू आवाजात विचारलं, "बा, कुठं सोडू?"