आठ खिळ्यांचा फळा

"अर्धी मिशी," बाबुराव बोलला. "लावतोस?"

"लावली," गुणाजी म्हणाला. "एक मेच्या आत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सामने झाले तर तुझी. एक जरी राहिला तर माझी. भर चौकात, विठोबा न्हाव्याच्या वस्तऱ्याने."

गुणाजीची बायको सुभद्रा दारात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता बोलली, "लावा मिशी. घरात लावायला दुसरं उरलंय काय?"

मित्रांनो, ही पैज माझ्यावरून लागली. मी एक जुना फळा आहे. आज घोडपदेवच्या एका चाळीत पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडलोय. माझ्या डोक्यावर वाटाणे भिजत असतात. पण ब्याऐंशी साली मी चौकातल्या भिंतीवर होतो, आणि अर्धी चाळ तोंड धुवायच्या आधी मला बघायला यायची.

मुळात मी मिलमधल्या मोडक्या खोक्याची फळी. गुणाजी तिथे फिटर होता. वॉचमनला "सरपण" सांगून त्याने मला बाहेर काढलं. म्हणजे माझा जन्मच थापेतून झाला. कारण होतं कबड्डी. मिलच्या एकेका खात्याचा एकेक संघ, असे आठ. पण कोण कोणाशी कधी खेळणार हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवायचा. रातपाळीवाले सकाळी सातला सुटायचे आणि त्यांना मुद्दाम आठचा सामना द्यायचे. एक गडी तर कबड्डी कबड्डी म्हणता म्हणता समोरच्यांच्या हद्दीत झोपलाच. त्याला कोणी पकडला नाही, चादर घातली. सगळे हसले. रातपाळीवाले नाही हसले. त्या दिवशी दोन डोकी फुटली.

मग गुणाजीने मला दोन ओळींत आठ खिळे मारले. चार वर, चार खाली. तेलाचा डबा कापून आठ बिल्ले केले, एकेका संघाचा एकेक. वरखाली समोरासमोर येतील त्यांचा सामना. कोपऱ्यातला एक बिल्ला त्याने कायमचा ठोकून टाकला. बाकीचे सात दर रविवारी गोल फिरून एकेक खिळा पुढे. सात रविवार झाले की प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळलेला. कोणी सुटत नाही, कोणी दोनदा सापडत नाही. आणि ठोकलेला बिल्ला कोणाचा? रातपाळीचा लाल, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच संघाचा. "उद्या कोणी म्हणायला नको, गुणाजीने आपलंच सरकवलं."

खाली त्याने रंगाने लिहिलं, 'रातपाळीचा सामना संध्याकाळीच.' लालबागहून एक शहाणा माझ्यात खोट काढायला आला होता. कागद-पेन्सिल घेऊन दोन तास बसला. चहा पिऊन गेला. काय सांगू, तेव्हा माझी छाती आधीच रुंद, ती आणखी फुगली.

जानेवारीत संप सुरू झाला. भोंगे बंद. पंधरा दिवसांत मिटेल असं सगळे बोलत होते. गुणाजीने सामने लावले, आणि बाबुरावने पैज लावली. बाबुराव गोदीत कामाला, त्याचा काही संप नव्हता. म्हणून त्याला मस्करी सुचायची.

पहिल्याच रविवारी तो मला वाचून ओरडला, "गुण्या, आता कसली रे रातपाळी? सगळेच घरी बसलेत!"

"उद्या भोंगा झाला तर?" गुणाजी म्हणाला. "झोप नको व्हायला?"

आणि लाल बिल्ल्याचा सामना संध्याकाळीच झाला. मिल बंद, तरी रातपाळीची झोप आम्ही जपत होतो. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. लाकूडच मी.

पाच रविवार झकास गेले. वीस सामने झाले. गडी मात्र बारीक होत चालले. "पकडायला अंग तर ठेवा!" बाबुराव ओरडायचा. त्यावर पहिल्यासारखं कोणी हसायचं नाही.

मग शिमगा आला. शिमग्याला कोकणातला माणूस मुंबईत थांबत नाही. म्हणून दर वर्षी गुणाजी दोन रविवार मोकळे सोडायचा. याही वर्षी सोडले. बाबुरावने ते बघितलं आणि जोरात टाळी वाजवली.

"इथेच तुझी मिशी गेली! दर वर्षी परत येतात, कारण रजा संपते. आता कसली रजा? सुट्टी संपायला आधी काम लागतं रे!"

गुणाजीचा हात माझ्यावरच राहिला. एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. सवयीने सोडले होते ते रविवार.

शिमगा सरल्यावर सात संघांनी कसेबसे सात-सात गडी जमवले. साचाखात्याला, म्हणजे मागांवरच्या विणकरांना, जमले नाहीत. त्यांचा कप्तान शिवा. त्या खात्यातले सगळे संगमेश्वरकडच्या एकाच गावचे, कामगार भरती करणाऱ्या जॉबरने आपल्याच गावातून भरलेले. जवळजवळ अख्खा संघ एका पालखीला नाचायला गेला आणि तिकडेच राहिला. मागे उरले तीन. सव्वीस सामने झाले, साचाखात्याचे दोन राहिले. त्यातला एक लाल बिल्ल्याशी.

शिवाचं कार्ड आलं. गुणाजीने चौकात मोठ्याने वाचलं. "मिल सुरू होईल त्या दिवशी हजर. बिल्ला काढू नका."

एप्रिलही सरत आला. मग लोकच म्हणायला लागले, "काढ रे तो बिल्ला. सात संघ धर. सातांचे एकवीस सामने, ते सगळे झालेत. पैजही जिंकशील."

मी हिशोब करून बघितला. बरोबर होता. एक बिल्ला उतरवला की मी पुरा, गुणाजीची मिशी शाबूत.

"आणि शिवा पाच सामने खेळला ते?" गुणाजी म्हणाला. "तीन जिंकलाय तो. गावाला गेला म्हणून खेळलाच नव्हता बोलू?"

आता बाबुरावलाच कसंतरी व्हायला लागलं. "मग उसने घे ना चार गडी. मी काय बोलणार नाय."

"उसने आणू कुठून? सगळे आमच्याशी एकदा खेळलेत. दुसऱ्यांदा खेळले तर तो न्याय कसला?"

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी सामने लावाल. खिळे कसे मारायचे ते कोणीही शिकवेल. पण कोणी आला नाही म्हणून त्याचं नाव खोडायची घाई करू नका. मैदान रिकामं दिसलं तर दिसू दे. माझ्यावर तो बिल्ला अजून आहे. पिंपाच्या पाण्याने गंजलाय.

एक मेला चौक भरला. गुणाजी आपणहून स्टुलावर बसला. बाबुराव त्याच्या कानाशी वाकला. "गुण्या, ऊठ. मस्करी केली रे मी."

"मस्करी तू केलीस. पैज मी लावली होती. विठोबा, चालव."

विठोबाने साबण लावला आणि डावी बाजू साफ केली. आधी पोरं हसली, मग मोठे. सुभद्रानेही तोंडाला पदर लावला. किती दिवसांनी चौकात हसू आलं होतं.

विठोबाने मान तिरकी करून बघितलं. "उरलेली पण उतरवू काय? बरी नाय दिसत."

हसणं थांबलं. गुणाजीने गळ्यातला टॉवेल काढला, झटकला आणि विठोबाच्या हातात दिला.

"पुरी मिशी बाप मेल्यावर काढतात, विठोबा. संप अजून जिता हाय."

आणि तो तसाच, अर्ध्या मिशीने, मिलच्या गेटावर सभेला गेला.