मागच्या सीटवरचे नविन सर

इंजिन नसलेलं विमान तुम्ही कधी पाहिलं आहे का, मित्रांनो? ते मीच. लोक मला ग्लायडर म्हणतात. माझं अंग लाकडाचं आहे. त्यावर कापड ताणून रंग दिलेला आहे. माझे पंख इतके लांब आहेत की रस्त्यावर आडवं उभं केलं तर दोन्हीकडची एसटी अडून बसेल. माझ्यात दोन सीट आहेत, एकामागे एक. पुढे शिकणारा बसतो, मागे शिकवणारा. दोघांच्या पुढ्यात मला वळवायची एकेक दांडी असते आणि त्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. पुढची हलली की मागचीही हलते.

माझा जन्म खूप वर्षांपूर्वी उत्तरेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या सुतारांनी माझी एकेक फळी हाताने तासली होती. पुढे मी एका मोठ्या शहरातल्या क्लबात होतो. तो क्लब बंद पडला. मग माझे पंख काढून मला ट्रकवर चढवलं आणि तलासरी तालुक्यात आणलं. झरी आणि वेवजीच्या मध्ये गवताचं एक लांबलचक माळरान आहे. तिथे पत्र्याची शेड बांधून आमचा क्लब सुरू झाला.

मी आकाशात कसा जातो, ते सांगतो. माळाच्या एका टोकाला जुन्या ट्रकचं इंजिन बसवलेलं आहे. त्यावर मोठं चाक आहे आणि चाकाला लांब दोरी. दुसऱ्या टोकाला मी उभा असतो. क्लबात कामाला असलेला पांड्या ते इंजिन चालवतो. दोरी भराभर गुंडाळली जाते आणि मी पतंगासारखा वर चढतो. वर गेल्यावर दोरी सुटते. मग आवाज थांबतो. उरते ती फक्त हवा.

त्या हवेत टिकून राहायचं, हेच माझं काम. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते. ती दिसत नाही, पण घारींना ती कळते. हायवेच्या डांबरावर, भाताच्या रोपांसाठी भाजून काळ्या केलेल्या राबांवर घारी गोल फिरू लागल्या की आम्हीही तिथे जाऊन गोल फिरतो आणि वर वर जातो. दुपारी समुद्राकडून खारा वारा आत येतो. तो आला की गरम हवा मरते. त्याच्या आत खाली यायचं.

हे सगळं लोकांना शिकवलं नविन सरांनी. नविन हे त्यांचं नाव, रानशेत त्यांचं गाव. शाळेत गणित शिकवायचे आणि शनिवार-रविवार माझ्याकडे यायचे. आले की आधी ते माझ्या अंगावरून हात फिरवत, बोटांनी ठोकून बघत, कान लावून ऐकत. माझा एकही स्क्रू त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मागच्या सीटवर त्यांची एक उशी असायची, त्यांच्या बायकोने, सुषमावहिनींनी, जुन्या साडीची शिवलेली.

त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती चंद्रिका. झरीच्या दवाखान्यात ती नर्स आहे. पाड्यापाड्यांवर जाऊन लोकांचं ब्लडप्रेशर बघते, बाळांना लस देते. तिचा हात हलका होता. घाबरत नसे.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला तो रविवार. आकाश निळं, वर कापसासारखे पांढरे ढग. उडायच्या आधी सर तिला म्हणाले, "चंद्रिका, आज मी काही शिकवणार नाही. पुढच्या आठवड्यात तुला एकटीला सोडायचंय. मी गप्प बसलो म्हणजे तुझं बरोबर चाललंय असं समज."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर ओरडतोच मी. ते काय तुला नवीन आहे?"

वर गेल्यावर त्यांनी थोड्या घरच्या गप्पा मारल्या. मग चंद्रिकेला राबांवर घारी दिसल्या. तिने मला अलगद वळवलं आणि मी चढू लागलो. मागून सर म्हणाले, "बस्स. असंच धर."

त्यानंतर त्यांनी एकदा श्वास आत घेतला. तो बाहेर आलाच नाही.

मित्रांनो, मला ते लगेच कळलं. त्यांचे पाय शेपटीचं सुकाणू हलवायच्या पायट्यांवरून घसरले. दांडीजवळचा हात मांडीवर पडला. त्यांचं सगळं वजन बेल्टवर आलं. मागे बसलेलं माणूस आणि मागे ठेवलेलं ओझं यातला फरक मला कळतो. पण मला तोंड नाही. पुढे चंद्रिका खूश होती. सर गप्प आहेत, म्हणजे आपलं बरोबर चाललंय. ती आणखी वर गेली. डोंगरापर्यंत जाऊन आली. बावीस मिनिटं ती मला चालवत होती आणि बावीस मिनिटं मी एक जिवंत आणि एक मेलेलं माणूस घेऊन घारींबरोबर फिरत होतो.

तिने मला इतकं हळू उतरवलं की गवतालाही कळलं नसेल. पांड्याने लांबूनच टाळ्या वाजवल्या. तिने डोक्यावरचं काचेचं झाकण उघडलं, हसत मागे वळली आणि म्हणाली, "सर, कसं झालं?"

त्यापुढचं मी सांगत नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय एका क्षणात थांबलं, कोणी काही करू शकलं नसतं. पण चंद्रिकेने ते ऐकलं नाही. "मी नर्स आहे," ती एवढंच म्हणत राहिली. "दोन हातांवर माणूस होतं माझ्या." त्या दिवसापासून ती माळावर आली नाही. रानशेतच्या वाटेलाही गेली नाही.

मला शेडमध्ये ढकललं. वर्षभराने सरांचे मित्र मिथुनदादा मागच्या सीटवर बसले. आता तेच शिकवायचे. वर गेल्यावर त्यांना आवाज आला. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. मागच्या सीटखालून, कोणी बोटाने ठोकतंय असा. त्यांनी मला तसंच खाली आणलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?" पांड्याने विचारलं.

"काही नाही. हा आता नको उडवायला."

मग शेडमध्येही वारा आला की तो आवाज येऊ लागला. गवत कापणाऱ्या बाया म्हणू लागल्या, मास्तर अजून तपासतायत. क्लबाने दुसरा ग्लायडर आणला. माझ्यावर ताडपत्री टाकली. सरांची उशी मागच्या सीटवर तशीच राहिली. ती उचलायची कोणाची छाती झाली नाही. माझ्या पंखात उंदरांनी घर केलं, कापडाला बुरशी आली. आणि मी? तो आवाज कशाचा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. तुमच्या पाठीत काय दुखतंय ते तुम्हाला तरी कुठे दिसतं? दोन वर्षं अंधारात पडून मलाही वाटू लागलं, ते सरच असतील. मी वाट बघायला लागलो त्या आवाजाची.

या जानेवारीत मिथुनदादांनी चंद्रिकेला निरोप धाडला की जुना ग्लायडर मोडीत काढतोय, बघायचा असेल तर ये. ती आली. ताडपत्री काढून बराच वेळ माझ्यापुढे उभी राहिली. तेवढ्यात वाऱ्याने शेपटीचं सुकाणू हललं आणि आवाज आला.

"ऐकलंस?" पांड्या मागे सरकत म्हणाला. "सर आहेत बाय. हात नको लावू."

 तरी तिने उशी उचलली, छातीशी धरली आणि म्हणाली, "टॉर्च द्या." उशीखालची फळी तिने उघडली. आत हात घातला. मग शांतपणे म्हणाली, "दादा, इकडे या. सुकाणूची तार झिजलीय. अर्धे धागे तुटलेत. तुटलेली टोकं फळीला लागतायत."

मिथुनदादांनी वाकून पाहिलं आणि ते तिथेच खाली बसले. "ही वर तुटली असती तर?"

"तुम्ही एकदा तरी उघडून बघायचं होतं, दादा."

"सरांची जागा होती गं ती," ते म्हणाले. 

मोडीचा विषय तिथेच संपला. इंजिनियर आले, नवी तार बसली. लाकूड तपासलं, उंदीर हाकलले, नवं कापड चढलं. पांड्या ती उशी घेऊन रानशेतला गेला आणि सुषमावहिनींच्या हातात दिली.

मग आला फेब्रुवारीतला तो शनिवार आणि रविवार. इतकी चांगली हवा वर्षातून दोन-तीनदाच मिळते. शनिवारी सकाळी चंद्रिका पुढे बसली, मिथुनदादा मागे. पाच वेळा आम्ही वर गेलो. पहिल्यांदा तिची दांडीवरची मूठ इतकी घट्ट होती की मला वळताच येईना. पाचव्यांदा ती सैल झाली. मिथुनदादा मात्र सारखे बोलत होते. हवेबद्दल, भाताबद्दल, वेवजीच्या नव्या पुलाबद्दल. तिला मान वळवून बघावं लागू नये, म्हणून.

दुपारी खारा वारा आला आणि आम्ही खाली उतरलो. माझ्या पंखाच्या सावलीत सुषमावहिनी उभ्या होत्या. त्यांना बघून चंद्रिका जागीच थांबली.

"पळू नकोस," वहिनी म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, एकच विचारायचंय. शेवटी काय बोलले ते?"

"वहिनी, मला कळायला पाहिजे होतं. मी..."

"तुझं नंतर. आधी माझं ऐक. त्या सकाळी त्यांना छातीत जड वाटत होतं. दोन दिवस वाटत होतं. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. म्हणाले, सोमवारी. मी चिडले. दारातून ओरडले, जा, आभाळातच राहा." त्यांनी वर बघितलं. "आणि ते राहिले गं."

चंद्रिका त्यांच्याकडे बघतच राहिली. "दोन दिवस? मला बोलले नाहीत ते."

"कोणालाच बोलले नाहीत. त्यांना उडायचं होतं."

 मग चंद्रिकेने वहिनींचा हात धरला. "वर गेल्यावर त्यांनी मला ते सांगितलं होतं. म्हणाले, आमची ही आज मला आभाळातच राहा म्हणाली. हसत होते, वहिनी. म्हणाले, संध्याकाळी चिकू घेऊन जातो, राग जाईल तिचा."

"हसत होते?"

"मोठ्याने. मी ऐकलंय."

मग त्या दोघी माझ्या पंखाखाली गवतात बसल्या आणि खूप रडल्या. मीही ऐकलं होतं ते हसणं. तीन वर्षं माझ्याकडे होतं आणि मला ते कोणाला देता येत नव्हतं.

रविवारी अकराला चंद्रिका एकटी उडणार होती. वहिनी पुन्हा आल्या. मागच्या सीटचे मोकळे बेल्ट आत अडकू नयेत म्हणून बांधायचे असतात. ते त्यांनी स्वतःच्या हाताने बांधले, एखाद्याला नीट बसवावं तसे.

पांड्याने इंजिन चालवलं. दोरी ताणली, मी चढलो, दोरी सुटली. हायवेवर घारी होत्या. चंद्रिकेने वळवलं आणि मी वर गेलो, कधी नव्हे इतका वर. एकीकडे समुद्राची चमकती रेघ, दुसरीकडे डोंगर, खाली चिकूच्या वाड्या. पुढची दांडी तिच्या हातात हलत होती. मागचीही तशीच हलत होती, कोणाच्याही हाताशिवाय.

"सर," ती एकदाच म्हणाली, "डावीकडे घेते."

मी ऐकत राहिलो. तार नवी होती. ठोकण्याचा आवाज आला नाही. बेल्टवर वजन नव्हतं. तिथे काहीच नव्हतं, मित्रांनो. भूत असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. एक तास दहा मिनिटं मी ते रिकामपण घेऊन फिरलो आणि ते सरांच्या वजनाहून जड होतं.

ती उतरली तेव्हा सगळे धावत आले. मिथुनदादांनी तिला उचललंच. वहिनी शेवटी आल्या. त्यांनी तिचे गार पडलेले हात हातात घेतले आणि विचारलं, "वर इतकी थंडी असते?"

"असते, वहिनी."

"मग त्यांनी स्वेटर न्यायला पाहिजे होता," वहिनी म्हणाल्या, आणि तिचे हात चोळत राहिल्या.

मी आता पुन्हा दर आठवड्याला उडतो. माझी देखभाल चांगली होते, आणि त्याबद्दल मी सगळ्यांचा ऋणी आहे. पण एक गोष्ट मला सलते. सरांनी दर वेळी माझा एकेक स्क्रू तपासला, आणि स्वतःच्या छातीकडे लक्ष द्यायला त्यांना सोमवार उजाडायला हवा होता. माझी तार झिजत राहिली, कारण माझ्या माणसांना तिथे हात घालायची भीती वाटत होती. मित्रांनो, यंत्र वाजू लागलं तर भिऊन त्यावर ताडपत्री टाकू नका. आणि घरातलं कोणी छातीत जड वाटतंय म्हणालं, तर त्याला सोमवारपर्यंत थांबू देऊ नका.

आमच्या क्लबात चंद्रिकेने एक नियम केला आहे. मागचं माणूस थोडा वेळ गप्प झालं, की पुढच्याने विचारायचं. मिथुनदादा कधी कधी हवेकडे बघता बघता गप्प होतात. माझ्या सगळ्या लाकडात तेव्हा ताण भरतो. मी वजन जोखू लागतो, श्वास ऐकू लागतो. तेवढ्यात पुढून कोणीतरी विचारतं, "दादा, आहात ना?"

आणि मागून आवाज येतो, "आहे रे बाबा, आहे."

तेवढं विचारत जा.