काव्याचा पोर्टफोलिओ माझ्या पोटात होता

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुम्हा पोरांपैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मित्रांनो, सोलापूरच्या मे महिन्यात मी इतका तापायचो, की रत्नम्माने माझ्या पाठीवर पापड भाजले होते. उडदाचे. ती बघा, उंबऱ्यात बसून डाळ निवडते आहे.

तीन मालक मला वापरून कंटाळले, तेव्हा गुरुशांतने मला शुक्रवार पेठेत आणले. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतो. त्याची बायको रत्नम्मा त्याच कारखान्यात टॉवेलला घड्या घालते. मी आलो तो त्यांच्या मुलीसाठी, काव्यासाठी. मोबाईलमधले अ‍ॅप माणसाला वापरायला सोपे जावे म्हणून ते कसे आखायचे, हे ती शिकली होती. या कामात नोकरी मागायची तर पोर्टफोलिओ लागतो, म्हणजे आपण केलेल्या कामाचे एक पुस्तकच. ते माझ्या पोटात तयार होत होते.

"दिवाळीपर्यंत नोकरी बघ," रत्नम्माने बजावले होते. "न्हाईतर माझ्यासंगं पॅकिंगला यायचं."

काव्याने मागवाल्यांसाठी अ‍ॅप आखले. माग बंद पडला की बटण दाबून नुसते बोलायचे, 'चार नंबर बंद', की माग दुरुस्त करणारा जॉबर हजर. सुट्टीच्या दिवशी तिने वडिलांच्या सोबत्यांना घरी बोलावले, चहा दिला आणि मोबाईल त्यांच्या हातात ठेवला.

"लई भारी हाय," शिवपुत्र म्हणाला.

"काही खटकलं तर सांगा, काका."

"खटकायचंय काय त्यात? जॉबर कायम टपरीवर असतोय. आता तितंच सापडंल की," संगप्पा म्हणाला, आणि सगळे हसले.

गुरुशांत मात्र भिंतीला टेकून गप्प बसला होता. काव्याने पोर्टफोलिओत लिहिले, 'सर्वांना आवडले.' माझा पंखा अभिमानाने असा फिरला, की समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले धोतर उडाले.

तिने चाळीस ठिकाणी अर्ज केले. एकोणचाळीस ठिकाणांहून उत्तरही आले नाही. ती रोज मला उघडायची, बघायची, मिटायची. चाळिसाव्याने मुलाखत घेतली, माझ्याच पडद्यावर. पुण्याच्या कंपनीतल्या बाईंनी सगळे शांतपणे पाहिले आणि विचारले, "चालू मागांच्या आवाजात हे वापरून पाहिलंत?"

मला वाटले, आता वीज जावी. पण गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून ती कारखान्यात गेली. मोबाईल तोंडाशी धरून ओरडली. ऐकून पाहिले तर आत नुसता खडखडाट. तिथे कोणी बोलतच नव्हते. माग बंद पडला की शिवपुत्र हात वर करून बोटे दाखवायचा, आणि जॉबर यायचा.

बाहेर आल्यावर तिने विचारले, "अप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

गुरुशांत मान पुसत राहिला. "तू लई खूश होतीस. चारचौघांत आपल्याच पोरीच्या कामात खोट कशी काढायची?"

त्यानंतर किती तरी दिवस मला कोणी उघडले नाही. माझी बॅटरी फुगली, फटींत धूळ बसली. मित्रांनो, आम्हा यंत्रांना धुळीपासून जपाच. पण त्याहून जास्त जपा तो माणूस, जो तोंडावर तुमची चूक सांगतो. खोटे बोलून कोणाचे भले होत नाही.

काव्याने मात्र हार मानली नाही. हातांच्या खुणा शिकून तिने नवे अ‍ॅप आखले. मग काय, दिवाळीच्या आधीच सात कंपन्यांच्या गाड्या शुक्रवार पेठेत आल्या आणि बोळात अडकल्या. लोकांनी त्या उचलून वळवल्या. आता ती पुण्यात, काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर…

"पुरे की आता," रत्नम्मा डाळीवरून नजर न उचलता म्हणाली. "पोरांना काय बी सांगू नगंस. काव्या आज सकाळधरनं माझ्या शेजारी टॉवेलला घड्या घालत हुती. तितं घडी चुकली की लगेच सांगत्यात."